जागल

पट्टीवर आधी एक रेघ येते.
दुसरी यायची असली तर पंधरा मिनिटं घेते.
तोवर मी टेबलावरच्या माश्या हाकलल्या,
रजिस्टरात लिहिलं: भिवसन टेकाम, वय बावन्न,
धंदा जागल, मुक्काम खैरी पोड.

दुसरी रेघ फिकी आली. पण आली.

सुनेचे दिवस भरले म्हणून रक्त द्यायला आला होता.
आता स्टुलावर बसून विचारतो,
"कोन हाये तो? कवापासून हाये?"

यकृताच्या पेशीला एक खिडकी असते,
पित्तातलं मीठ आत घ्यायची, रोजच्या कामाची.
तो त्याच खिडकीतून येतो. काही फुटत नाही.
आत गाभ्यापर्यंत जातो आणि
स्वतःला वळवून घेतो जोडव्यासारखा,
टोकाला टोक लावून.
टोकच उरलं नाही तर सोडवणार कुठून?

पेशीलाही कोतवाल असतो,
परकं जोडवं दिसलं की त्यावर पाय देऊन उभा राहणारा.
विषाणूचं एक प्रथिन आहे, नाव नुसतं एक्स.
नाव ठेवणाऱ्यालाच ठाऊक नव्हतं ते करतं काय.
ते कोतवालाशी झटत नाही.
गाठतं झाडूवालीला, पेशीच्याच पगारावरची ती,
मोडकी प्रथिनं हुडकून कचऱ्याची खूण करणारी.
तिच्या कानाला लागतं, बोट दाखवतं,
आणि कोतवाल घरच्याच झाडूनं
उकिरड्यावर जातो.

भिवसन हसला. "ग्रामसभेत बी असंच व्हते."

मग पोचट.
एका भरल्या दाण्यामागे हजारो पोचट
तो रक्तात उधळतो, नुसती टरफलं,
आमची पट्टी पकडते तीसुद्धा टरफलंच.
अंगातले शिपाई त्यांच्यामागं धावतात
वीस वर्षं, तीस वर्षं,
मग माळ्यावर बसून राहतात,
डोळे उघडे, आरोळी निघत नाही.

"डबा वाजवू वाजवू हात भरून आले त्यायचे,"
तो म्हणाला. आपले तळवे उलटेपालटे करून पाहिले.
"रोही बी सारं वावर नाई खात, मॅडम.
रोज थोडं थोडं. मालक उठून गेला
तं त्याले पेरून कोन देईन?"

मी पेन खाली ठेवला.

कुठून आला, तर सुई असेल. वस्तरा. जत्रेतलं गोंदण.
बहुतेकदा आई, मी म्हणाले,
जन्मतानाच,
म्हणजे तिची चूक नव्हे, तिलाही कुठं माहीत असतं.

बराच वेळ पंखाच बोलत होता.

माय गेली तवा मी टोंगळ्याएवढा.
पोट रांजनासारखं, डोये हयदीचे.
पोडानं पैकूबाईचं नाव घेतलं, शेजारची,
तिनंच काहीतरी चारलं म्हून.
तिच्या दाराची चौकट उपटली.
बाप समोर व्हता.
म्या गोटे येचून देल्ले.
पैनगंगेच्या पलीकडं गेली ते,
डोक्शावर कोंबड्याचं खुराडं,
मांगं पाह्यलं नाई.

"मंग पैकूबाईनं काय केलं व्हतं?"

रजिस्टरात रकाने आहेत: नमुना, निष्कर्ष, शेरा.

गोळी असते, मी सांगितलं, रोज एक,
छपाई थांबते. जोडवं राहतं.
मुलाला, सुनेला तपासायला आणा.
बाळाला पहिल्या दिवशीच लस, विसरू नका.
तो मान हलवत होता,
पण माझ्या बोलण्याशी तिचा मेळ नव्हता.

पट्टी पिवळ्या पिशवीत टाकताना पाहिलं,
फिकी रेघ पहिलीएवढी गडद झाली होती.

बाहेर दिवस कलला. त्याला माळ्यावर जायचं होतं.
सायकलच्या कॅरिअरला सुतळीनं बांधलेला
तेलाचा रिकामा डबा
रस्त्यातल्या खड्ड्याखड्ड्यावर
आपोआप वाजत गेला.