खुंट

रामसरला डोंगर आणि समुद्र यांच्यामध्ये
जागा तशी थोडीच.
त्यात फरांगीसचं अंगण
चौदा पावलं लांब, नऊ रुंद,
आणि झाडं पाच.
संत्रं, मोसंबी, साखरलिंबू,
कोपऱ्यात महाळुंग (फळ कुणी खात नाही,
साल मुरंब्याला लागते)
आणि अगदी फाटकाशी
भावाने अंझलीहून आणलेलं पपनस.
वाराही तिथे
वाट विचारत यायचा.

त्या पपनसावरून घरात वाद.
इस्फंदियार संत्रं सोलायचा,
फोडीफोडीतली बी बशीत टाकायचा
मोठ्याने मोजत.
सात. आठ.
"बिनबियांचं झाड होतं माझं.
तुझ्या पपनसाने नासवलं."
"मधमाश्यांना सांग," ती म्हणायची,
आणि बशी उचलून
त्याच संत्र्याच्या बुंध्याशी ओतायची.

मग एका बहमन महिन्यात
रात्री अकराला, पाऊल न वाजवता, बर्फ.
मी भिंतीवरून शिडी दिली.
ती काठीने फांद्या झोडपत राहिली.
तो रॉकेलचा स्टोव्ह घेऊन बसला
पपनसाखाली.
संत्र्याखाली नाही.
मी पाहिलं. कुणाला बोलले नाही.

सकाळी पानं
उकडलेल्या पालकासारखी.

उन्हाळ्यात पाची खुंटांना फुटवे आले.
बोटभर काटे,
पानाच्या देठाला चिकटलेलं
आणखी एक इवलं पान.
पाचही सारखे.
नारिंग.
नर्सरीवाल्याने कधीकाळी
याच्यावरच डोळे भरले होते सगळे.
वरचं गेलं,
ज्याची चव कधी कुणी विचारली नव्हती
ते उरलं.

फरांगीस वाकून बघत राहिली. मग म्हणाली,
"काटे सांभाळ. चाकूला धार लाव."

त्याचा हात आता थरथरतो.
तो सालीला चीर देतो,
ती डोळा आत सरकवते
आणि पट्टीचं टोक दातांत धरून
गुंडाळत जाते.
चार झाले.
फाटकाजवळच्या पाचव्याला
पपनसाचा डोळा कुठून आणणार?
भाऊ गेला त्याला सहा वर्षं झाली.
ते नारिंगच राहू दिलं.

यंदा नवरोजला त्याचं पहिलं फळ
पाण्याच्या वाडग्यात तरंगत होतं,
टेबलाला कुणाचा गुडघा लागला की
अर्धं वळून थांबायचं.
इस्फंदियारने संत्रं सोललं.
बशीत बी पडली.
"एक," तो मोठ्याने म्हणाला
आणि तिच्याकडे बघून
थांबला.

माझी शिडी अजून त्यांच्याकडेच आहे.