टिटवीचा दुसरा पाय

मी, रतिराम दसरू नंदेश्वर, वय एकसष्ट,
धंदा पेंटर, राहणार सावरटोला,
सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की
राइस मिलच्या मागच्या भिंतीवरची टिटवी
माझ्या हातची आहे.

साल आठवत नाही.
त्या वर्षी एसटी पहिल्यांदा गावात आली
आणि नव्या कंडक्टरला लोक सांगायचे,
पाखरू दिसलं की बेल मारा.
वकील मॅडम म्हणतात, असं चालत नाही, तारीख पाहिजे.
म्हटलं, डेपोत विचारा.
त्यांनी तेही लिहून घेतलं.

झामसिंग बिसेनला मोर हवा होता.
मी म्हटलं, मोर तर पुड्या-पुड्यावर नाचतो,
मोर तिखट खातो का गा?
टिटवी काढू.
धानाच्या बांधीत रात्री कोणी शिरलं
की पहिली तीच बोंबलते.
तिखटानंही असंच घर जागं करावं.
चाळीस रुपये दिले त्यानं, वर पावशेर तिखट.
कागद झाला नाही. कागद कशाला,
तो खाली उभा होता, मी शिडीवर.

एक पाय काढला.
दुसऱ्याच्या जागी पन्हाळीचा पाइप उतरत होता,
गंजका, मनगटाएवढा. रंग धरेना.
झामसिंग म्हणाला, राहू दे, लोक समजून घेतात.
लोकांनी घेतलं.
नागपूरच्या छापखान्यानं भिंतीचा फोटो पाहून पुडा छापला,
त्यानंही घेतलं.

हेही लिहा, लपवायचं नाही:
‘डॉक्टरांनी नावाजलेले’ ही अक्षरं माझीच.
कोणते डॉक्टर, विचारलं होतं मी.
झामसिंगनं बोट दाखवलं.
मिलसमोर मोटारसायकल उभी होती
ढोरांच्या डॉक्टरची.
मॅडमचं पेन थांबलं.
म्हणाल्या, ती ओळ आजच पुसा, चुन्याचे दोन हात मारून.
पुसली. तेवढ्या पट्ट्यात भिंत गोरी दिसते,
आणि लोक विचारतात, इथं काय लिहिलं होतं?

आता रायपूरच्या कंपनीची नोटीस आहे:
टिटवी आमची, नोंदणीकृत,
पंधरा दिवसांत बंद करा, नाहीतर नुकसानभरपाई.
आकड्यातली शून्यं झामसिंगच्या पोरानं
बोट ठेवून मोजली, दोनदा.
मॅडमनी कंपनीचा पुडा टेबलावर ठेवला, चकचकीत.
मी चष्मा लावला.
चोच माझी. डोळ्यापुढची लाल फीत माझी.
आणि पाय
एक.
म्हटलं, मॅडम, यांच्या भिंतीलाही
पाइप होता का?

त्या हसल्या, आल्यापासून पहिल्यांदा.
म्हणाल्या, चांगलं ते कोणीही उचलतो,
चूक उचलली की सापडतो.
इतकी वर्षं येता-जाता जी मला टोचायची
ती आता पुरावा क्रमांक सात.

मग दुसरा कागद सरकला माझ्यापुढे:
चित्राचे सर्व हक्क, कायमचे, साऱ्या जगात,
रुपये पाच हजार फक्त.
पैसे घेतले तरी चित्र अजून माझंच म्हणे,
लिहून दिलं नसेल तर.
मी मॅडमकडे पाहिलं.
त्या म्हणाल्या, मी यांची वकील आहे, तुमची नाही.
हा कागद दुसऱ्या कोणाला दाखवा.
एवढं म्हणून त्या खिडकीबाहेर पाहत राहिल्या.
मी सही केली नाही. नाहीही म्हटलं नाही.
घडी करून खिशात ठेवला, बिडीच्या कट्ट्यामागे.

गेल्या साली मिलचे पत्रे बदलले, पाइपही गेला.
जागा मोकळी आहे, गंजाची एक रेघ तेवढी.
ब्रश भिजवलाच होता मी.
मॅडम म्हणाल्या, खबरदार,
निकाल लागेस्तोवर दुसरा पाय काढायचा नाही.

निकाल कधी लागेल हे मात्र
कोणी सत्यप्रतिज्ञेवर सांगत नाही.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो खरा आहे.
सहीशेजारचा लाल डाग
तिखटाचा नाही.