नंबर अठ्ठावन्न

साओ जोआँवच्या उतारावरच्या गल्लीत
कारखान्याचा भोंगा आता वाजत नाही,
तरी आठला पाच कमी असताना
आदेलिनु किटलीखाली जाळ करतो.
चहासाठी नव्हे. वाफेसाठी.

मी त्याच्या हाताखाली सातवा महिना शिकते आहे.
आत्तापर्यंत पदरात पडलं ते एवढंच :
हॅट शेंड्याला चिमटीत धरून उचलायची नाही,
तिथेच ती आधी चिरते.
दोन्ही हातांनी, काठाला,
भरलेली परात उचलावी तशी.
काळीला काळा ब्रश, करडीला निराळा,
हात लवेच्या कलाने, उलट नाही.
भिजली तर शेकोटीजवळ न्यायची नाही,
तिचं तिला वाळू द्यायचं.
आणि ठेवायची उताणी. काठावर बसवली
की काठ रुसतो,
मग आठवडाभर किटली आणि मनधरणी.

शनिवारी वास्कु नावाचा पोरगा आला.
पोर्तुच्या जुन्या बाजारातली हॅट,
प्लास्टिकच्या पिशवीत, बटाट्यांसारखी.
“शंभर वर्षांची आहे म्हणाला. सत्तर युरो.”

आदेलिनुने आधी वास घेतला.
मग डोळे मिटून काठावरून अंगठा.
“ससा. चांगला ससा.
काठाची शिवण मशीनची, रिबिनीची गाठ हाताची,
ही वाऱ्यासाठीची दोरी, कोटाच्या बटणाला अडकवायची,
बटण बदललंय.
अस्तर साठ सालानंतरचं.
शंभर वर्षं?
हॅट विकता विकता टोपी घातली रे तुला.”

वास्कु हसला नाही.

मग आतली चामड्याची पट्टी बाहेर उलटली.
घामाने काळी, चिरा पडलेली,
मागे चिकटलेला नंबर : ५८.
आणि नंबरामागे कागद.
एक घडी, तिच्यामागे दुसरी, तिसरी, चौथी.

आगगाडीचं वेळापत्रक.
औषधाच्या दुकानाची पावती, शाई पार उडालेली.
काळ्या किनारीचं कार्ड, नाव घडीत तुटलेलं :
“…ओलिंदा, वय ६१, मागे पती.”
आणि किराणा दुकानाची जाहिरात,
सार्डिन, किलोला इतके एस्कुदु.

“कचरा,” वास्कु म्हणाला. “काढून टाका.”

आदेलिनुने चारी घड्या
टेबलावर ओळीने मांडल्या,
जसा डॉक्टर जुने रिपोर्ट मांडतो.
“आधी केस दाट होते.
मग विरळ झाले. मग गेले.
हॅट सैल झाली की लोक नवी घेतात.
हा कागद घालत राहिला.”

मी विचारलं, त्या कार्डाची घडी घालताना
रडला असेल का?

आदेलिनुने कार्ड उजेडात धरलं.
“घडी सरळ आहे,” म्हणाला,
आणि किटलीकडे वळला.

वाफेत हॅट हळूहळू सैलावली,
पडलेला खळगा वर आला,
ब्रशखाली करड्यातून निळसर काही उमटलं
जे पिशवीत नव्हतं.
खोलीभर ओल्या सशाचा वास,
आणि त्याच्या तळाशी
कुणाच्या तरी केसांच्या तेलाचा.

रिकामी घातली तर वास्कुच्या भुवयांवर आली.
चारी कागदांसकट
कपाळावर वळ उठला.
आरशासमोर बराच वेळ उभा होता पोरगा.
मग सार्डिनची जाहिरात काढून माझ्या हातात दिली.
“बाकीचे राहू देत.”
बसली.

पैसे देऊन, रस्ता ओलांडून
पलीकडच्या फुटपाथवरून तो वळला
आणि आम्हाला हॅट काढून सलाम केला,
एका हाताने, ऐटीत,
शेंड्याला चिमटीत धरून.

“काठ!” आदेलिनु गल्लीभर ओरडला,
“काठाला धर, गाढवा, काठाला!”