एनपीसी

"सेलूहून पाथरीमार्गे माजलगावला जाणारी गाडी
फलाट क्रमांक तीनवर उभी आहे."
सव्वीस वर्षं झाले, हेच म्हणायलोय,
माईकला ओला रुमाल गुंडाळून.

परवा जेवताना विचारलं, अभ्यास झाला का?
धाकटा मोबाईलमधून मान न काढता म्हणाला,
"पप्पा म्हणजे एनपीसी हायेत."
पोरगी खुदकन हसली.
मीही हसलो, कळलं नव्हतं तरी.

रसवंतीवरच्या मुख्तारनं फोड करून सांगितलं:
गेममध्ये असतोय काका एक माणूस,
एकाच जागी उभा.
कुणीबी आलं तर त्याचं तेच वाक्य.
त्याला घरबिर नसतंय.
मग ग्लास पुसत म्हणाला,
लिंबू पिळू का?

आमचे अण्णा मुडद्या म्हणायचे,
आणि मुडद्या म्हणत म्हणत
खांद्यावर घ्यायचे.
या शिवीचा खांदा कुठंय,
दोन दिवस शोधायलोय.

आज नव्या वाहकानं
परभणीच्या गाडीला जिंतूरची पाटी लावली
तर माझ्याच तोंडून निघालं, "ए नूब!"
घरातूनच खिशात आला असणार शब्द,
सुट्ट्या पैशांसारखा.
पोरानं दचकून केबिनकडं पाहिलं
अन् असा हसला
की गावाकडचं कुणी भेटलंय.

रात्री ताटावर बसलो.
अभ्यासाचं ओठावर आलं होतं,
ते वरणाबरोबर गिळलं.
म्हटलं, काय रे,
नूबचं अनेकवचन काय होतं?

त्यानं मान वर केली.