उतार

नळाला पाणी पाचव्या दिवशी.
म्हणून पन्हळीचा उतार
राजेशम पाण्याने तपासत नाही,
पोराकडून गोटी मागून घेतो.

मागाच्या शेडला शिडी टेकवून
आधी भिंतीवर बोट फिरवतो:
इथे पोपडा, इथे मिठासारखी पांढरी रेघ,
खाली मातीत थेंबांनी पाडलेला
वाटीएवढा खड्डा.
"अंबक्का, पाणी वर चुकलंय.
तुम्ही खाली चुना लावत बसलात."

बसले खरी. तीन वर्षं.

मग पन्हळीतून निघतो
लिंबाचा पाला, पतंगाची कामटी,
आणि टॉवेलच्या मागांवरून उडालेला कापूस,
भिजून वाळून भिजून
नमदा झालेला.
माझंच सूत, माझ्याच पाण्याला आडवं.

गोटी सोडतो.
पत्र्यावरून खडखडत येते ती
आणि तिसऱ्या मागाच्या बरोबर वर
थांबते.
गेल्या हस्तात तिथलाच बीम भिजला,
अन् मी शिव्या आभाळाला दिल्या.

एक आकडी नवी. दोन बोटं उचल.
पुन्हा गोटी:
या खेपेला थेट टोकाला,
रिकाम्या बादलीत टण्.

पोरगं हात घालून
गोटी खिशात टाकतं.
राजेशमला अजून एकदा बघायचं होतं.