भिंतीपलीकडून

देसूरकर वहिनी म्हणतात,
"भाकरीवर काय हात बसलाय गं तुझा,
साडेसातला थापथाप सुरू, म्हणजे सुरू.
आमच्या बातम्या तुझ्या तालावर चालतात बघ."
मी हसते. नाही म्हणत नाही.
त्यांचा जिना वेगळा, भिंत तेवढी एक.
साडेसातला मी टिळकवाडीत असते,
लॅबमध्ये, कुणाच्या तरी रक्ताची नळी हलवत,
आणि इकडे अनगोळात दुसऱ्या मजल्यावर
हेस्कॉमचा खाकी शर्ट खुंटीला अडकवून
गुरुसिद्ध पीठ मळत असतो.

लग्नाआधी कुणी विचारलं नव्हतं
रांधणार कोण.
बाकी सगळं विचारलं.
मामानं विचारलं, पोरं कुठल्या शाळेत घालणार.
त्याच्या काकानं, ही घरात मटण शिजवणार का.
कचेरीतल्या कारकुनानं चष्मा वर करून,
आडनाव कन्नडात कसं लिहू, ल की ळ.
चुलीचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही.
तो प्रश्न सुटलेलाच होता,
मी बाई होते की.

पहिल्या आठवड्यात मी केलेली भाकरी
तव्यावरून उचलताना
तिचे चार तालुके झाले.
त्यानं चारही खाल्ले,
हात धुतले, म्हणाला, "सरक जरा."
जोंधळ्याच्या पिठात उकळतं पाणी ओतलं,
चटका सोसत गोळा असा फिरवत नेला
तळव्याच्या कडेनं,
की दिवसभर खांबांवर चढणाऱ्या माणसाला
इतकी हलकी बोटं कुणी दिली, वाटलं.

तेव्हापासून हे असं:
भाकरी, पुंडीपल्ल्या, येण्णगायी त्याची.
भांडी माझी. बाजारही माझा,
त्याला घासाघीस जमत नाही,
दोन्ही भाषांत.
बुधवारी गॅलरीत वेगळ्या शेगडीवर
मी बांगडे करते. तो खात नाही.
नाकाला रुमाल बांधून
नारळ मात्र खवून देतो.

दिवाळीनंतर बैलहोंगलहून गौरव्वा आल्या.
त्या दिवशी मला नेमकी सुट्टी.
स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून
त्या बघत राहिल्या, लेक थापतोय,
सून रिकामी परात धरून उभी.
मी कन्नडातलं एक वाक्य घोकून ठेवलेलं,
मला कामावरून उशीर होतो अत्ती.
ते विचारलंच नाही त्यांनी.
काटवटीकडे बोट केलं फक्त:
"खाली गोणचील नाही घातलंस?"

"कशाला?" म्हणाला तो.

मग कळलं. कापसाच्या हंगामात
त्या जिनिंगमधून अंधार पडल्यावर घरी यायच्या,
केसांत, पापण्यांत पांढरं पांढरं,
आणि तोवर याचे वडील दाराला आतून कडी घालून
रोट्ट्या बडवून ठेवायचे.
काटवटीखाली गोणपाटाची चौपदरी घडी,
गल्लीत आवाज जाऊ नये म्हणून.
बावीस वर्षं.
"कुणालाच कळलं नाही?" मी विचारलं.
"सगळ्यांना माहीत होतं," त्या म्हणाल्या.
"गोणचील तरी घालायचेच."

गुरुसिद्धचा हात थांबला होता.
तो लहानपणी त्याच घडीवर झोपायचा म्हणे,
पिठाचा वास यायचा तिला.
का यायचा, कधी विचारलं नव्हतं.

तेवढ्यात खिडकीतून वहिनी,
"काय गं, मध्येच थांबलीस? पीठ संपलं की काय?"

मी तोंड उघडायच्या आत
गौरव्वा गुडघ्यावर हात टेकून उठल्या,
गजांपाशी गेल्या,
अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलल्या,
"रोट्टी नन्न मगा बडीतान!"

पलीकडे बातम्यांचा आवाज कमी झाला.
कुकरची एक शिट्टी झाली कुणाची तरी.
बराच वेळ काही नाही.
मग वहिनींचाच आवाज, जरा खालच्या पट्टीत,
"पाणी उकळतं घेतो, की कोमट?"

त्यानं माझ्याकडे बघितलं.
"उकळतं!" मी ओरडले.
तव्यावरची तेवढ्यात करपली.