सल

सिनेमातला तो हात माझ्या बापाचा.
सत्तावन्न साली, पोर्तोत, नदीकडे उतरणाऱ्या आमच्या जिन्यात
खुनी व्हायला आलेला नट दुपारपासूनच पिऊन आडवा होता.
दिग्दर्शकाने विचारलं, इथे कुणाचे हात मोठे आहेत?
तळमजल्यावर कुलपं दुरुस्त करणारा आबिलिओ
फडक्याला तेल पुसत वर आला.
मोबदला: चाळीस एस्कुदो आणि सार्डिनचा एक डबा.

खुनी सबंध सिनेमात दिसत नाही.
दिसतो एक बल्ब, जो खरंच अखेरच्या घटका मोजत होता,
भिंतीचे पोपडे, अकरा पायऱ्या,
वर दाराआड उभी बाई, तिच्या केसांतून सुटत आलेली पिन,
आणि कठड्यावरून सरकत येणारा हात.
सातव्या पायरीशी तो थांबतो.

थांबतो.

मग पुन्हा निघतो, पण आता कुणा वेगळ्याच माणसाचा असल्यासारखा.

या थांबण्यावर लोकांनी रकानेच्या रकाने भरले.
कुणाला ती विवेकाची शेवटची उचकी वाटली,
कुणाला त्यात हुकूमशाहीचे हेर दिसले.
लिस्बनच्या एका प्राध्यापकाने घड्याळ लावून मोजलं: साडेतीन सेकंद.
बाप हे सगळं ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा,
सल गेली होती गं, लाकडाची. इथे, अंगठ्याखाली.
तुझ्या आईने रात्री सुईने काढली.

त्या वर्षी गल्लीत दारोदार दुसरी कडी आली.
ज्या हाताच्या भीतीने बायका कुलपं घ्यायच्या
तोच हात ती बसवून द्यायचा.
बेकरीतली देओलिंदा मात्र त्याच्या हातून पैसे घेईना,
फळीवर ठेव म्हणायची, मरेपर्यंत.
आणि घरी तोच हात माझ्यासाठी संत्रं सोलायचा,
सालीची एकच लांब पट्टी, कुठेही न तुटलेली.

आता ते पुन्हा बनवताहेत.
पोरं जिना मोजून गेली. फार अरुंद आहे म्हणे.
शहराबाहेरच्या गोदामात दुसरा उभारतील,
कॅमेऱ्याला अंग वळवता येईल एवढा.
दिग्दर्शक तेल्मो, वय एकतीस, गुणी मुलगा.
येताना केक घेऊन आला.
म्हणाला, आजीच्या टीव्हीवर पाहिला होता,
नंतर आठवडाभर दिवा लावून झोपलो.
त्याच्या सिनेमात खुन्याला चेहरा आहे,
बालपण आहे, मेलेला एक कुत्रा आहे.
लोकांना हल्ली कारण लागतं, लुदोविनाबाई.

मग आवाज खाली आणून त्याने विचारलं,
हात तिथे का थांबतो?

सांगितलं मी. कशाला लपवू?
त्याने वहीत लिहून घेतलं, खाली दोन रेघा मारल्या.
पुढच्या सोमवारी गोदामात बोलावलं, कौतुकाने दाखवलं:
कठड्यात बसवलेली बारीकशी सल.
रबराची.
नटाला लागू नये म्हणून.

मी छान आहे म्हटलं. काय म्हणणार दुसरं?

शनिवारी चर्चमागच्या अंगणात जुना सिनेमा लावला होता.
पडदा म्हणून चादर, आणि नदीवरून वारा,
त्यामुळे आमची भिंत मधूनच श्वास घेत होती.
मला तो बल्ब माहीत आहे. ती सुई माहीत आहे.
तो हात तर शेवटी इस्पितळात मीच पुसला,
त्याची नखं कापली, तो कागदासारखा हलका झाला होता.
शेजारी तेल्मो बसलेला. समोरच्या रांगेत कुणी शेंगा सोलत होतं.

सहावी पायरी.
शेंगांचा आवाज बंद झाला.
सातवी.

मी दोन्ही पाय जमिनीवरून उचलून खुर्चीवर घेतले,
अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई.
तेल्मोनेही घेतले. आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही.

घरी आले. जिन्यात कठड्याला हात लावला नाही.
दार लावलं, पहिली कडी घातली.
मग दुसरीही. बापाने बसवलेली.